धरलेली जागा

१

पांढरकवड्याच्या जुन्या बसस्टँडवर जागा धरण्यात जमीरचा हात धरणारा कोणी नव्हता. फाटकासमोरच त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. यवतमाळची सकाळची गाडी वळणावर दिसली, की हातातली तांब्याची तार तशीच टाकून तो उठायचा, खांद्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल काढायचा आणि मंदावत येणाऱ्या गाडीबरोबर धावत खिडकीतून असा आत सोडायचा, की तो नेमका दारामागच्या बाकावर जाऊन पडावा. बाकीचे लोक पिशव्या टाकत, टोप्या टाकत. एका मास्तरांनी तर घाईघाईत चप्पल टाकली होती. पण जमीरच्या रुमालाची बात और, असं कंडक्टरसुद्धा म्हणायचे.

एकदा रुमाल पडला, की जागा झाली. मग तिथं तहसीलदार का येईना, तो उभाच राहणार. आपल्या वऱ्हाडात भांडायला कारण लागत नाही, शेताच्या वीतभर धुऱ्यावरून, बांधावरून डोकी फुटतात, पण दुसऱ्याच्या रुमालावर बसलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

जमीर ही सगळी धावपळ करायचा ती त्याच्या पोरीसाठी. तमन्नाचा डावा पाय लहानपणीच्या तापानं बारीक राहिला होता. यवतमाळपर्यंत उभ्यानं जाणं तिच्यानं होत नसे. आधी दवाखान्यासाठी, मग कॉलेजसाठी, आता डी.एड.ला नंबर लागला म्हणून, पोरीचं अर्धं आयुष्य त्या गाडीत गेलं. रुमाल टाकला की जमीर गर्दीतून आत घुसायचा आणि ती येईपर्यंत स्वतः त्या जागेवर बसून राहायचा. ती एक पाऊल जड, एक हलकं टाकत यायची आणि विचारायची, "धरली ना अब्बा?" तो उठायचा, रुमालानं बाक एकदा झटकायचा, ती बसायची, तो उतरायचा. इतकी वर्षं झाली, यात एका शब्दाचा फरक पडला नव्हता. खरं सांगायचं तर दिवसभरात जमीरला आपण बाप असल्याचं सुख तेवढ्या एका क्षणात मिळायचं. बाकी दिवस मोटारी जळालेल्या आणि गिऱ्हाइकं उधार.

२

मग महामार्ग चौपदरी झाला. कापसाचा भाव पडत होता, एकेक जिनिंग बंद होत होती, शेतावरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्तीला यायच्या कमी झाल्या होत्या. रुंद होत होता तो फक्त रस्ता. रोज कुणी ना कुणी बोचकं बांधून हैदराबादकडे निघालेलं दिसायचं. "मानसं जायले रस्ता तं पायजेच ना," असं जमीर म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

रस्त्यानं गावाचे दोन भाग केले. मधे लोखंडी कठडे लागले. जुना स्टँड अलीकडे राहिला आणि गाड्या लागायच्या नव्या जागा पलीकडे गेल्या. प्रवाशांसाठी रस्त्याच्या पोटात एक लांबरुंद हॉल खोदला. इकडून उतरायचं, खाली तिकीट काढायचं, बाकांवर बसायचं, गाडीचं नाव पुकारलं की पलीकडच्या पायऱ्यांनी वर जायचं. पाय अधू असलेल्यांसाठी एक उतार. पांढरी फरशी, पांढऱ्या ट्यूबा, हवा खेचणारे मोठमोठे पंखे. उद्‌घाटनाच्या भाषणात सांगितलं, की आता ढकलाढकली होणार नाही, प्रवाशांचा जीव सुखात पडेल. लोक त्याला खालचा स्टँड म्हणू लागले.

आणि सुख झालंही, ते नाकारता येणार नाही. उन्हातान्हात गाडीमागे धावणारी माणसं शहाण्यासारखी बाकांवर बसू लागली. बाकावर बसलेल्यांना क्रमानं वर सोडत, त्यामुळे गाडीतली जागा आता खालीच ठरायची. लोकांनी रुमाल टाकायचे ते बाकांवर टाकायला सुरुवात केली. जमीरचं धावणं, नेम, सगळं कवडीमोल झालं. दुकानासमोरून माणसं जायची बंद झाली. ती सगळी त्याच्या पायांखालून जाऊ लागली.

जुना स्टँड बंद झाला त्याच सकाळी एक गंमत झाली होती. यवतमाळच्या गाडीचा ड्रायव्हर हरिसिंग सवयीनं गाडी जुन्या फाटकातून आत घेऊन आला आणि मग आठवण होऊन न थांबताच पलीकडच्या दारानं बाहेर पडला. जमीरनंही सवयीनं रुमाल टाकला. गाडी गेली, रुमालही गेला. स्टँडभर हशा पिकला. संध्याकाळी हरिसिंगला विचारलं तर तो म्हणाला की गाडीत रुमालबिमाल काही सापडला नाही. जमीरनं नवा घेतला आणि ती गोष्ट तिथंच राहिली.

३

तमन्नाला सोडायला जमीर आता रोज उतारावरून खाली जायचा. पहिले काही दिवस त्याला तिथं बरं वाटलं. वर ट्रक धडधडत असायचे आणि खाली ती धडधड अशी मऊ होऊन यायची, की झोप यावी. माणसं हळू बोलायची. वर उन्हानं चिडलेला माणूसही शेवटच्या वळणाशी आला की त्याचा चेहरा सैल पडायचा. मुलं रडायची नाहीत. घड्याळाकडे कोणी बघायचं नाही. गाडी उशिरा आली तरी कुणाचा आवाज चढायचा नाही, आणि पांढरकवड्याचा माणूस गप्प बसतो ही गोष्टच मुळी विचार करण्यासारखी होती. जमीरनं विचार केला नाही. तो पंखे ऐकत बसायचा.

मोटारीचा आवाज हा त्याचा धंदा होता. त्या पंख्यांची घरघर त्याच्या ओळखीची नव्हती. ती खालीवर व्हायची, मधेच थांबून पुन्हा लागायची. बेअरिंग गेलं असेल, असं तो मनाशी म्हणाला. ते दिवस लोडशेडिंगचे. एका सकाळी वीज गेली, ट्यूबा विझल्या, उतारावरून येणाऱ्या उजेडात हॉल राखाडी झाला, आणि घरघर चालूच राहिली. जमीर उठून पंख्याखाली जाऊन उभा राहिला. पाती थांबलेली होती. त्यानं हात वर करून पाहिला, वारा नव्हता. वरच्या ट्रकांचा आवाज घुमत असणार, दुसरं काय? ते त्यानं स्वतःला पटवलं, पण त्या दिवशी दुकानात त्याचं काम दोनदा चुकलं.

त्याच सुमारास त्याच्या लक्षात आलं, की कोपऱ्यातल्या बाकावर एक पांढरा दुपट्टा रोज पडलेला असतो. शेतकरी खांद्यावर टाकतात तसला, घडी घालून ठेवलेला. तमन्नाला उभं राहावं लागत होतं, म्हणून त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं. कोणी तरी धरली असन, असं तो म्हणाला. गाडी आली, सगळे गेले, दुपट्टा तिथंच होता. दुसऱ्या दिवशीही होता. मग पलीकडे एक टोपी दिसू लागली, एक पिवळा स्कार्फ, लहान मुलाचं झबलं. हळूहळू पुष्कळ बाक असे धरलेले झाले, आणि माणसं त्यांच्यासमोर मुकाट उभी राहू लागली. झाडणारी बाईसुद्धा त्यांच्या खालून झाडून घ्यायची. रुमाल उचलायचा कोणी? ज्यानं टाकला त्यानंच.

तमन्ना खांबाला टेकून उभी राहायची. संध्याकाळी तिचा पाय सुजायचा, आणि अकीला, तिची आई, कोमट तेलानं तो चोळत जमीरकडे बघायची.

४

बेबीताई भाजीची टोपली घेऊन रोज त्याच गाडीनं मधल्या एका बाजाराला जायची. बोलकी बाई. तिचा नवरा घनश्याम हैदराबादला कामाला म्हणून गेला होता. खालचा स्टँड उघडला त्याच आठवड्यात, इथूनच. त्यानंतर त्याचा फोन नव्हता. ती सांगायची, की माणूस कामात असला म्हणजे फोन राहून जातो. ऐकणारे मान हलवायचे.

त्या सकाळी ती खाली आली आणि कोपऱ्यातल्या बाकाजवळ थबकली. दुपट्ट्याची घडी तिनं बोटानं उलगडून पाहिली. काठाला निळ्या दोऱ्याची शिवण होती.

"जमीरभाऊ, हा तं याईचा हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम तरुण झाला होता. "मीच शिवला हाये. मायासाठी जागा धरून ठेवली वाटते."

"कोन धरली बेबीताई? घनश्यामभाऊ इथं कुठं हायेत?"

"असतीन की इथंच. चहा प्यायले गेले असतीन."

ती दुपट्टा मांडीवर घेऊन बसली, पाय लांब केले आणि मोठा सुस्कारा सोडला. तेवढ्यात गाडी पुकारली. जमीरनं तमन्नाचा हात धरून तिला वर नेलं, गाडीत चढवलं. परत खाली आला तेव्हा बेबीताई दिसली नाही. बाकाखाली तिची टोपली होती, वांगी तशीच. बाकावर दुपट्टा नव्हता. तिथं आता तिच्या हिरव्या लुगड्याचा पदर होता, घडी घातलेला.

जमीर त्या दिवशी तिच्या घरी जाऊन आला. तिची मुलगी अर्पिता ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माय गेली असन बाबाकडे. जातो म्हनत होती." शेजारचेही तेच म्हणाले. कोणाला नवल वाटलं नाही. त्या वर्षांत माणसं जाण्याची गावाला इतकी सवय झाली होती, की एखादं असं गेलं काय आणि तसं गेलं काय. पदराची गोष्ट जमीरनं मनातच ठेवली. दिवसाउजेडी, ओट्यावर बसून, ती सांगण्यासारखी नव्हती.

५

तमन्नाच्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, ती उभी राहायची त्या खांबाशेजारच्या बाकावर, जमीरला लाल चौकड्यांचा रुमाल दिसला. तमन्ना तेव्हा मैत्रिणीशी बोलत पुढं गेली होती.

तो जवळ गेला. कोपऱ्याला वार्निशचा डाग होता, तळहाताएवढा, काळपट. तो डाग मोटारींना वार्निश लावताना त्याच्याच हातून पडला होता; हा गाडीबरोबर गेलेला रुमाल होता. कोणाला तरी गाडीत सापडला असेल, आणून ठेवला असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला. रुमाल उचलताना त्याच्या हाताला बाक लागला. फरशीचा बाक, गारेगार असायला हवा होता. तो कोमट होता, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा.

ज्यानं टाकला त्यानं उचलला, म्हणजे विषय संपला. तो रुमाल घेऊन घरी आला. अकीलानं डाग ओळखला, सापडला का म्हणाली, दिवस कलताना धुऊन तारेवर टाकला. संध्याकाळी तमन्नाला आणायला जमीर खाली गेला, तर बाकावर लाल चौकड्यांचा रुमाल होता. डागासकट. त्यानं हात लावला नाही. पोरीला खांबाच्या दुसऱ्या बाजूनं, तिचं लक्ष जाऊ नये असं, बोलत बोलत वर आणलं. घरी आल्याबरोबर तो तारेजवळ गेला. ओला रुमाल तिथं होता, टपकत होता.

आता तो घाबरला. ती जागा त्यानंच धरली होती. जुन्या स्टँडवरून ज्या गाडीत कोणीच बसणार नव्हतं, तिच्यात त्यानं शेवटचा रुमाल टाकला होता, आणि आयुष्यात त्यानं एकाच माणसासाठी जागा धरली होती.

त्यानं अकीलाला सांगून पाहिलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, की तुमचं रुमाल टाकणं बंद झालं ते तुमच्या मनाला लागलंय. कठडा ओलांडून वरून जावं तर भरधाव ट्रक, आणि तमन्नाचा पाय असा. गावाबाहेरच्या फाट्यावर गाड्या थांबत नव्हत्या. परीक्षा सोड म्हणावं तर पोरीचं वर्ष जाणार, आणि त्या नोकरीच्या आशेवरच सगळं घर उभं होतं.

जेवताना तो म्हणाला, "बेटी, उद्या खाली कोठंबी बसू नोको. पाय कितीबी दुखला तरी."

तमन्ना हसली. "काहून अब्बा?"

"म्हनून राह्यलो ना. बसू नोको."

तिनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. "नाई बसत," ती समजूत घालावी तशी म्हणाली. "तुम्ही धरली असन, तरच बसीन."

त्या उत्तरानं जमीरला बरं वाटलं. किती वेडा असतो माणूस! आपल्यावरच्या विश्वासाचा शब्द ऐकला की तो त्याचा अर्थ बघत नाही.

६

सकाळी तो एकटाच पुढं निघाला. तमन्नाला मागून अकीला उतारापर्यंत आणून सोडणार होती. त्याचा बेत साधा होता. रुमाल उचलला तर परत येतो, पण जिथं माणूस बसलाय तिथं दुसरं कोण बसणार? ती गाडीत चढून जाईपर्यंत आपण त्या जागेवर बसून राहायचं, हलायचं नाही. मग आपलं काय व्हायचं ते होवो. बापानं स्वतःचा हिशेब करायचा नसतो, आणि त्यानं केलाही नाही.

रुमाल होता. जमीर त्यावर बसला.

आधी त्याच्या पायांतला शीण गेला. इतकी वर्षं दुकानात उकिडवं बसून कमरेत धरलेली कळ गेली. वरचे ट्रक दूर दूर गेले. त्याच्यासमोर उभी असलेली माणसं पातळ होत गेली, पाण्याखालून पाहावीत तशी, आणि पंख्यांची घरघर जवळ आली. ती घरघर नव्हती. ते बोलणं होतं, पुष्कळ जणांचं, हलकं, गाडीची वाट बघताना माणसं बोलतात तसलं. पाऊस झाला का, कापसाच्या पैशाचा चुकारा कवा भेटन, पोरं कशी हायेत.

सगळे बाक भरलेले होते. त्याला एकदम सगळीकडे पाहवलं नाही. कोपऱ्यात बेबीताई बसली होती, तिच्यापलीकडे घनश्याम होता, त्याचा हात तिच्या पाठीमागून बाकावर. तिनं जमीरकडे पाहून ओळखीची मान हलवली. चेहरा शांत होता, पोट भरून जेवलेल्या बाईसारखा. तिच्या दुसऱ्या बाजूला वीतभर जागा मोकळी होती आणि तिच्यावर तिनं आपल्या पदराचं टोक टाकून ठेवलं होतं.

"अर्पितासाठी," ती म्हणाली. "येईन ना ते. उभ्यानं किती दिवस राहीन?"

तेव्हा जमीरनं पाहिलं, की बाकांवरचं प्रत्येक माणूस उताराकडे तोंड करून बसलंय. कोणी दुष्ट दिसत नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे रोज सकाळी गाडीत बसून पोरीची वाट बघताना त्याच्या चेहऱ्यावर असायचं.

आणि त्याला तमन्नाचं रात्रीचं वाक्य आठवलं. तुम्ही धरली असन, तरच बसीन.

उठून पळावं असं त्याच्या मनात आलं, पण उठला तर जागा मोकळी होणार. म्हणून तो घट्ट बसला. दोन्ही हातांनी त्यानं बाकाची कड धरली. अल्लाचं नाव घेतलं. हलायचं नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला. काही झालं तरी हलायचं नाही.

उतारावर पाऊल वाजलं. एक जड, एक हलकं.

ती सावकाश खाली आली. पुस्तकांची पिशवी खांद्यावर, आणि पाय आजही सुजलेला असावा, कारण ती ओठ आवळून चालत होती. बाकी सगळे धूसर झाले होते, पण ती स्वच्छ दिसत होती, ओढणीवरच्या फुलांसकट. खांबाजवळ येऊन ती थांबली. बाकाकडे पाहिलं. तिला तिथं बाप दिसला की नुसता लाल रुमाल दिसला, कोण जाणे. आवळलेले ओठ सुटले आणि तिचा चेहरा रोजच्यासारखा निवला.

"धरली ना अब्बा?" ती म्हणाली.

नको, असं ओरडण्यासाठी जमीरनं तोंड उघडलं. पण मनाच्या आधी अंग ऐकतं. त्याचे हात बाकाच्या कडेवरून सुटले होते. तो उठला, रुमाल हातात घेतला आणि रोजच्यासारखी एकदा जागा झटकून दिली.